जे हलत नाही ते

१

मोहझरीची कचेरी पश्चिमेकडे तोंड करून उभी होती. त्यामुळे सूर्य उगवला की तिची लांब सावली समोरच्या अंगणावर पडायची, आणि त्या सावलीत सात माणसं येऊन उभी राहायची. वहाणा हातात, मान खाली, तोंड दाराकडे. सूर्य वर चढायचा, सावली आक्रसत कडुनिंबाच्या बुंध्याशी यायची, मग ती सात माणसं लवून मुजरा करायची आणि कापूस वेचायला निघून जायची. दुसऱ्या दिवशी दुसरी सात. गावात घरं एकोणपन्नास. दर घराची पाळी आठवड्याने.

ह्याला हाजिरी म्हणत.

दाराला कुलूप होतं. आत कोणी नव्हतं. हैदराबादचे जहागीरदार तर गावाने कधी पाहिलेच नव्हते. गावाला ठाऊक होते ते त्यांचे नायब, व्यंकटराव. दीड वर्षापूर्वी पोलीस ॲक्शन झाली, तेव्हा एका सकाळी दोन बैलगाड्या भरून नायब जे गेले ते परत फिरकले नाहीत. पुढच्या ऑगस्टात सरकारने जहागिऱ्याच मोडीत काढल्या. तालुक्याचा शिपाई येऊन दवंडी पिटून गेला. लोकांनी दवंडी ऐकली, माना डोलावल्या, आणि दुसऱ्या दिवशी सात माणसं सावलीत येऊन उभी राहिली.

पद्मिनी नोव्हेंबरात मोहझरीला आली. वय बावीस, अदिलाबादच्या अनंतराव वकिलांची मुलगी, हैदराबादच्या कॉलेजातून पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झालेली. गावची पहिली शाळा तिला उघडायची होती. आल्याच्या दुसऱ्या सकाळी तिने ती रांग पाहिली आणि तरातरा जाऊन पहिल्याच माणसाला विचारलं,

"कोणाची वाट बघताय?"

"वाट नाही पाहून राह्यलो, बाई. हाजिरी हाय."

"कोणापुढे? आत कोणी नाही."

"नसन," तो माणूस, डोमाजी, मान वर न करता म्हणाला.

"मग उभे का?"

"जा म्हनलं नाही ना कोनी."

बाकीचे सहा जण जमिनीकडे पाहत राहिले. पद्मिनीला संताप आला. तिला संताप लवकर यायचा. पुढे तिला कळलं की पाच वर्षांपूर्वी डोमाजीच्या बापाला नायब सकाळी "थांब" म्हणाले आणि घोड्यावर बसून शिकारीला गेले. म्हातारा दोन दिवस उभा होता. "जा" म्हणायला कोणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी तो पडला, तो उठलाच नाही.

शाळेसाठी सरकारने तीच कचेरी दिली होती. तालीम खात्याच्या, म्हणजे शिक्षण खात्याच्या, पत्रात साफ लिहिलं होतं: सव्वीस जानेवारीला दुपारी साहेब स्वतः पाहणीला येतील, त्या दिवशी इमारतीच्या आत मुलं बसलेली दिसली तर शाळा कायम, नाही तर मंजुरी दुसऱ्या गावाला. झाडाखालचा वर्ग धरला जाणार नाही.

मुलं होती चाळीस. कडुनिंबाखाली ती रोज यायची, पाढे म्हणायची, हसायची. पण कचेरीची पायरी चढायला एकही तयार नव्हतं. आणि त्यांच्या आयाबापांना विचारलं की ते जमिनीकडे बघायचे.

२

"आत खुर्ची आहे फक्त," पद्मिनी म्हणाली. "रिकामी. जाऊन बघा ना एकदा डोळ्यांनी!"

"त्या खुर्चीकडे कोनी पाह्यलं हाय कधी?" जयवंताबाई म्हणाल्या. पद्मिनी त्यांच्याकडे राहत होती. जयवंताबाई विधवा, पन्नाशीच्या, जिभेला धार. "आमी पायच पाह्यले नायबाचे. तोंड कसं होतं ते मले इचारशील तर सांगता याचं नाही. जोडे सांगते. काळे, चोचीचे. डाव्या जोड्याचं बक्कल तुटलेलं."

कचेरीची किल्ली फकिराकडे होती. फकिरा नायबांचा जुना शिपाई. तो अजूनही रोज कुलूप काढून आत जायचा, खुर्ची पुसायचा आणि पाठ न दाखवता उलट्या पावलांनी बाहेर यायचा. त्यानेही खुर्चीचे हात आणि पाय तेवढे पाहिले होते.

पद्मिनीला त्या रात्री जेवता जेवता कल्पना सुचली, आणि ती इतकी सोपी होती की तिला हसू फुटलं. ह्या लोकांना मान वर करायची भीती वाटते ना? मग फोटो दाखवायचा. फोटो हातात घेऊन बघतात, मान खाली घालून. रिकाम्या खुर्चीचा फोटो एकोणपन्नास घरांत फिरवायचा.

कॅमेरा विकत घ्यायची ऐपत नव्हती, पण कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिने भिंगाशिवाय चालणारा कॅमेरा बनवला होता. बिस्किटांचा पत्र्याचा चौकोनी डबा जयवंताबाईंच्या फळीवर होता. तिने तो आतून काजळ आणि डिंक खलून काळाकुट्ट केला. एका बाजूला खिडकी कापली. तिच्यावर ठोकून ठोकून कागदासारखी पातळ केलेली पितळेची पट्टी बसवली, पट्टीला घरातल्या सगळ्यात बारीक सुईच्या नुसत्या टोकाने छिद्र पाडलं, आणि कडा वाळूच्या कागदावर घासून गुळगुळीत केल्या. छिद्रावर काळ्या कापडाची झडप.

"माह्या डब्याले भोक पाडून राह्यली काऊन वं?"

"भोक नाही मावशी, डोळा आहे."

"काच नाही, काही नाही, दिसन कसं त्याले?"

"अंधारात एवढ्याशा छिद्रातून उजेड आला की समोरचं सगळं आत उमटतं. उलटं, खाली डोकं वर पाय. मागे कागद लावला की त्यावर राहतं. फक्त वेळ लागतो फार. आणि जे हलतं ते येत नाही. समोरून बैलगाडी गेली तरी दिसायची नाही. जे हलत नाही तेवढंच राहतं."

"मंग मी काही याची नाही त्याच्यात," जयवंताबाई सुपात ज्वारी पाखडत म्हणाल्या. "मले बसाले सवड कुठं हाय!"

मंचेरियलच्या स्टेशनासमोरच्या फोटोवाल्याने तिला जुना, मंदावलेला कागद आणि दोन पुड्या औषध स्वस्तात दिलं. जयवंताबाईंच्या घरात ज्वारीच्या कणग्यांची एक खोली होती, तिला खिडकी नव्हती. दार लावून, फटीत गोधडी कोंबून, कंदिलाला लाल कागद गुंडाळून पद्मिनीने तिथे आपली अंधारखोली थाटली. तीन परातींत औषधं. भरदुपारी त्या खोलीत ज्वारीचा आणि औषधाचा मिळून एक आंबूस वास भरून राहायचा.

३

पहिला फोटो तिने बाहेरून घेतला, चाचणी म्हणून. जानेवारीचा पहिला आठवडा, सकाळची सावली, समोर हाजिरीची सात माणसं. तिने डबा विहिरीच्या कठड्यावर दगडांत पक्का बसवला, झडप उघडली आणि हातावरच्या घड्याळात चाळीस मिनिटं मोजली.

माणसं यायची नाहीत, हे तिला ठाऊक होतं. चाळीस मिनिटांत माणूस पाय बदलतो, खोकतो, माशी हाकलतो. कागदावर धुरकट डाग येतील फार तर.

परातीत कागद हळूहळू काळा पडू लागला. आधी आकाश, मग भिंत. मग सात माणसं.

कचेरीचे खांब जेवढे रेखीव, तेवढीच ती रेखीव होती. धोतराच्या चुण्या मोजता आल्या असत्या. डोमाजीच्या हातातल्या वहाणेचा तुटका अंगठा दिसत होता. चाळीस मिनिटांत सातांतला एकही तसूभर हलला नव्हता. श्वास घेतानासुद्धा नाही.

पद्मिनीच्या अंगावर काटा आला, पण तो रागाचा, असं तिने स्वतःला सांगितलं. माणसाला दगड करून टाकलंय ह्या लोकांनी!

मग तिने तो कागद दुसऱ्या कोऱ्या कागदावर ठेवून सुलटा फोटो काढला आणि उजेडात नेऊन पाहिला. दार नीट आलं नव्हतं. खांब स्वच्छ, पायऱ्या स्वच्छ, माणसं स्वच्छ. फक्त दार पुसट. कुलूप दिसत होतं आणि कुलपातून आतला अंधारही दिसत होता. त्या चाळीस मिनिटांतली काही मिनिटं दार उघडं राहिलं असतं, तर ते असं आलं असतं.

पण दार उघडलं नव्हतं. ती समोरच होती.

डब्यात कुठून तरी उजेड शिरला असणार. तिने झाकणाच्या कडेला आणखी काजळ फासलं.

४

आतला फोटो दोन दिवसांनी. फकिराने कुलूप काढलं आणि तो दाराबाहेरच थांबला.

खोली लांबट, चुन्याची. वर एकच झरोका. मधोमध सागवानी खुर्ची, दाराकडे तोंड करून. बाकी काही नाही. ना चटई, ना मेज. पद्मिनीने खुर्चीवर हात फिरवला, मुद्दाम टेकून बसली, उठली. डबा मागच्या भिंतीच्या कोपऱ्यातल्या कोनाड्यात ठेवला. तिथून खुर्ची एका अंगाने दिसत होती आणि पलीकडे दारही. झडप उघडून ती बाहेर आली. फकिराने कुलूप लावलं. झरोक्याचा उजेड अपुरा. तीन तास लागणार होते.

तीन तास ती कडुनिंबाखाली मुलांना बेरजा शिकवत बसली. कुलूप नजरेसमोर होतं.

त्या दुपारी लाल उजेडात कागदावर आधी झरोका उमटला, मग खुर्चीचे चार पाय. आणि मग खुर्चीच्या पायांजवळ आणखी दोन पाय.

तिने कागद परातीतून काढला नाही. औषधात तो हलत राहिला आणि आकृती वर सरकत गेली: गुडघे, मांड्यांवर ठेवलेले हात, छाती. उलट्या रंगांच्या त्या कागदावर अंगरखा काळा होता आणि जोडे पांढरे. तोंड जिथे असायला हवं तिथे झरोक्याच्या उजेडाचा डाग पसरला होता.

फकिराचं कापड असेल खुर्चीवर टाकलेलं, तिने विचार केला. पण तिने स्वतः खुर्चीवर हात फिरवला होता. मग कागद जुना; फोटोवाल्याने एकदा वापरलेला कागद खपवला असेल, त्यावर कोणाचा तरी जुना फोटो राहिला असेल. हे पटण्यासारखं होतं. ती जवळजवळ निश्चिंत झाली. मग तिने कागद कंदिलाजवळ धरून जोडे पाहिले. चोचीचे. डाव्याला बक्कल नव्हतं.

त्याच आठवड्यात तिच्या वडिलांचं कार्ड आलं. तिने नायबांची चौकशी करायला लिहिलं होतं. अनंतरावांनी कळवलं होतं: व्यंकटराव हैदराबादेत मेहुण्याकडे राहतात, प्रकृती उत्तम, संध्याकाळी फिरायला जातात. तुला त्यांच्याशी काय काम?

म्हणजे मेलेलाही नव्हता तो.

५

सव्वीस तारखेला पाच दिवस उरले होते. पद्मिनीने ठरवलं की प्रयोग करायचा तर नीट करायचा. जे खुर्चीमुळे भासतं ते खुर्ची काढल्यावर भासणार नाही. आणि आत कोणी येतं का, हे आत बसूनच कळेल.

खुर्ची बाहेर काढताना फकिराने मान खाली घातली होती. "बाई, पुसली नाही आज," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्यांनी खुर्ची ओसरीवर उलटी करून ठेवली. पद्मिनीने बाहेरून कुलूप लावायला सांगितलं.

"तीन तासांनी उघड. मी आत आहे."

"आत बसूनच राहसान?"

"बसणार नाही. फेऱ्या मारीन. पुस्तक वाचीन."

तिने झडप उघडली. तीन तासांतलं तिला पुढे आठवत होतं ते असं. ती ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालली. सोळा पावलं होती. खिडकी कुठे पाडायची, फळा कुठे टांगायचा, ह्याचा तिने विचार केला. झरोक्याखाली उभं राहून पुस्तकाची दहाबारा पानं वाचली. मध्ये एकदा चामडं करकरल्यासारखं वाजलं. नवा जोडा घातलेला माणूस बसल्या जागी पाय बदलतो तसं. ओसरीवर फकिरा असेल. नंतर लाकडावर बोट वाजवल्याचा आवाज आला, थांबून थांबून, चार वेळा. खुर्ची ओसरीवर होती. आवाज खोलीच्या मधोमध होता. ती तिथे गेली, जिथे खुर्ची असायची त्या जागेवरून हात फिरवला. काही लागलं नाही. हवा थोडी उबदार होती, इतकंच. ती पुन्हा फेऱ्या मारू लागली.

मग कुलूप निघालं. तिचे पाय भरून आले होते. चालल्यामुळे.

कणग्यांच्या खोलीत तिने कागद परातीत सोडला आणि वाट पाहिली.

तो होता. मधोमध, बसलेला, खाली खुर्ची नसताना. मांड्या आडव्या, पाठ ताठ, पायांखाली जोडे, आणि बुडाखाली पलीकडची भिंत दिसत होती. तिने मनाची तयारी केली होती; तिने तो धक्का सोसला.

पण त्याच्या समोर, दाराच्या बाजूला, आणखी कोणी तरी उमटत होतं. बारीक अंगाची बाई. नऊवारी नाही, पाचवारी. एका हातात पुस्तक, मिटलेलं. दुसऱ्या हातात चपला. मान खाली.

तिच्या वेणीचा पेडन् पेड दिसत होता.

पद्मिनीने परातीच्या कडा घट्ट धरल्या. मी चालत होते, ती मोठ्याने म्हणाली. मी सोळा पावलं मोजली. चालत असते तर मी कागदावर आलेच नसते. तिने आपल्याच पायांकडे पाहिलं. तळव्यांना कचेरीचा चुना लागला होता, पांढरा, कोरडा. दोन्ही तळव्यांना. चपला कधी काढल्या होत्या ते तिला आठवेना.

तीन तास.

ती खाली बसली. बाहेर जयवंताबाई कोणावर तरी ओरडत होत्या, कोंबडी कोणाच्या तरी ज्वारीत शिरली होती. त्या ओरडण्याने तिचं मन हळूहळू ताळ्यावर आलं, आणि ताळ्यावर येताच पहिली जी गोष्ट आली ती भीती नव्हती. इतका राग तिला आयुष्यात कधी आला नव्हता. हा माणूस! हैदराबादेत संध्याकाळी फिरायला जातो, आणि इथे मला उभं करतो? मला?

दार उघडून तिने हाक मारली, "मावशी, आत या. हे बघा."

जयवंताबाईंनी कागद हातात घेतला. मान खाली घालून खूप वेळ पाहिला. लाल उजेडात त्यांचा चेहरा दिसत नव्हता.

"जोडे त्याचेच हायेत," त्या म्हणाल्या. मग, "आन् ही तू."

"हो."

"तू बी उभी राह्यली?"

"मला कळलंच नाही, मावशी."

जयवंताबाईंच्या घशातून एक आवाज निघाला. पद्मिनीला वाटलं त्या रडतायत. त्या हसत होत्या. आधी तोंडात पदर धरून, मग पदर सोडून, कणगीला टेकून. "आगं माय! आमाले वाटे, आमी अडानी म्हनून! बी.एस्सी. झालेली बी उभी राहते व्हय!"

पद्मिनीलाही हसू फुटलं. हसताना तिला रडूही येत होतं.

"तूच म्हनली ना," डोळे पुसत जयवंताबाई म्हणाल्या, "हलत नाही थेच राहते म्हनून? मंग तो काऊन राहून राह्यला? आमी समोर ठोंब्यासारखे उभे हावो म्हनून. हलाच लागते आता."

६

सव्वीसच्या सकाळी सावलीत सात माणसं उभी राहिली. योगायोगाने पाळी डोमाजीची होती. त्या दिवशी बाकीचं गावही जमलं होतं, झेंडा पाहायला. पण अंगणाच्या कडेनेच.

पद्मिनीने झेंड्याआधी तो फोटो बाहेर काढला. रिकाम्या खुर्चीचा फोटो दाखवायचा होता तिला, आणि हातात होता हा. खोटं सांगणं सोपं होतं. ते तिला जमलं नसतं.

"तुम्हाला वाटत होतं आत कोणी आहे. मी म्हणत होते नाही. मी चुकले." रांगेतून एक सुस्कारा गेला. "पण ह्यात आणखी कोण आहे तेही बघा."

फोटो हातोहात गेला. खाली घातलेल्या मानांपुढून तो सरकत गेला आणि जिथे जिथे पोचला तिथे तिथे थांबला. कोणी "जोडे" म्हणालं. कोणी "बाई हाय थे" म्हणालं. डोमाजीने तो सगळ्यात जास्त वेळ धरला.

"तुमाले कोनी थांब म्हनलं होतं, बाई?"

"नाही."

"मंग?"

"कोणी म्हणालं नाही, डोमाजी. तरी उभी राहिले."

डोमाजीच्या हातातल्या वहाणा हलल्या. त्याने काही केलं मात्र नाही. केलं ते जयवंताबाईंनी. त्या अंगणाच्या कडेवरून निघाल्या, वहाणा पायात, फटक फटक आवाज करत सात माणसांच्या पुढून गेल्या, पायऱ्या चढल्या, आणि दारात वळून ओरडल्या, "या रे पोरंहो! जो जोरानं नाचन त्याले गूळ!"

गूळ म्हटल्यावर पोरांना कोण अडवणार? चाळीस पोरं अंगणातून सुटली. कचेरीची पायरी त्या दिवशी पहिल्यांदा पोरांच्या पायांखाली गेली, तीही धावत्या पायांच्या. पद्मिनीने त्यांच्यामागे आत जाऊन कोनाड्यातल्या डब्याची झडप उघडली आणि टाळी वाजवली.

"आज शाळेत कोणीही गप्प बसायचं नाही! एका जागी उभं राहायचं नाही! पाढे म्हणायचे ते उड्या मारत!"

खुर्ची आत आणली होती. तिच्यावर एका वेळी पाच पाच जण चढून खाली उड्या टाकत होते. फकिरा दारात उभा राहून "अरे अरे" करत होता, आणि मग तोही, साठीचा म्हातारा, एका पोराने हात धरल्यावर दोन पावलं नाचला. चुन्याची धूळ झरोक्यापर्यंत गेली. ‘बे एके बे’ची आरोळी गावकुसाबाहेर ऐकू गेली म्हणतात.

दुपारी तालीम खात्याचे साहेब आले, दारातच थबकले, कानांवर हात ठेवून ओरडले, "ही शाळा आहे की बाजार?"

"शाळा!" चाळीस पोरं ओरडली.

साहेबांनी हसून कागदावर सही केली. मोहझरीची शाळा कायम झाली.

७

अंधारखोलीत जायला पद्मिनीला दुसरा दिवस उजाडला. आदल्या दिवशी तिला कोणी सोडलंच नाही. ह्या वेळी तिच्यासोबत जयवंताबाई होत्या, आणि दार लावायच्या आधी डोमाजी आत आला. "मले बी पाहू द्या," म्हणाला.

कागद उमटला. झरोका. भिंती. खुर्ची.

खुर्ची रिकामी होती.

खोलीभर धुकं पसरल्यासारखं दिसत होतं, कमरेएवढ्या उंचीचं. ती चाळीस पोरं होती. एकाचंही तोंड नाही, हात नाही, नुसती हालचाल. पद्मिनीने जयवंताबाईंना मिठी मारली. दोघींची डोकी वरच्या फळीवर आपटली.

"बाई," डोमाजी म्हणाला. "दारातून पाहा."

दारापलीकडचं अंगण कागदावर जास्त उजेडाने जळून सपाट झालं असणार, हे पद्मिनीला माहीत होतं. उन्हाला तीन तास म्हणजे फार. तिथे काहीच यायला नको होतं. तिने सुलटा फोटो काढला, धुतला, बाहेर उजेडात नेला.

पांढऱ्याफटक अंगणात, कडुनिंबाजवळ, जिथे हाजिरीची रांग उभी राहायची त्या जागी, एक माणूस होता. एकटाच. लांब अंगरखा. अनवाणी. मान इतकी खाली की तोंड दिसत नव्हतं. आणि दोन्ही हातांत, छातीशी धरलेले, चोचीचे काळे जोडे. तो रेखीव आला होता. तो हलला नव्हता.

मग जयवंताबाईंनी नाक मुरडलं. "त्याले जा म्हना कोनी तरी. पोरांच्या पायात येईन."

ते तिघं फोटो घेऊन कचेरीपुढे आले. आत पोरं उजळणी करत होती, उड्या मारतच. कालपासून तोच नियम झाला होता. अंगणात हाजिरीला कोणी नव्हतं. ऊन होतं, कडुनिंबाची सावली होती. कडुनिंबाजवळची माती उन्हातही ओलसर, तुडवल्यासारखी दिसत होती, दोन पावलांएवढी.

डोमाजीने हातातला फोटो पाहिला. खाली मान घालून, शेवटचं. मग त्याने दुसऱ्या हातातल्या वहाणा जमिनीवर टाकल्या, एकेक पाय आत सारला, अंगठा नीट बसवला, आणि मान वर केली. पद्मिनीने त्याचे डोळे तोवर पाहिलेच नव्हते. बारीक होते, तांबूस, आणि ते सरळ त्या जागेवर, माणसाचं तोंड असतं त्या उंचीवर रोखलेले होते.

जयवंताबाई वाट पाहत होत्या. पद्मिनीही. "जा" हा एवढासा शब्द, तो म्हणायचा हक्क मोहझरीत एकाच माणसाचा होता: ज्याचा बाप त्या शब्दाची वाट पाहत गेला, त्याचा.

डोमाजी एक पाऊल पुढे सरकला.

"थांब," तो म्हणाला.

आणि पाठ फिरवून, वहाणा वाजवत, तो पायऱ्या चढून आत गेला. आतून पोरांनी आरोळी ठोकली. पद्मिनीने ऐकलं, बाहेर कडुनिंबाखाली चामडं एकदा करकरलं, आणि मग अगदी गप्प झालं.